के-टू-एस करून आलो आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलं?

पौडफाटा_४९:
शनिवारी रात्री ऑफिसातल्या पोरांबरोबर कात्रज ते सिंहगड केला. जुन्या बोगद्यापासून निघालो ते गडावर पोचेपर्यंत उजाडलं. शेवटच्या दोन टेकड्या तर बसत-घसरत उतरलो. वर पिठलं-भाकरी, दोन मडकी दही. सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, तारीख आधीच घेतलेली होती.

मार्चमध्ये एकूण कोलेस्टेरॉल १९८, एचडीएल (ते चांगलं) ३८, ट्रायग्लिसराइड १८०, एलडीएल १२४. आता १९०, ४३, ८० आणि एलडीएल १३१! शिवाय लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटी ९६. मी दारूला शिवत नाही, पण हिला आता त्या रात्रीचीच शंका यायला लागली आहे. ग्रुपमधला एक म्हणतो, अशा श्रमाने शरीर आतून गंजतं, रोज व्हिटॅमिन सी आणि ई घे. घेऊ का?

लॅबवाली_मावशी:
दादा, एलडीएलच्या पुढे बारीक अक्षरात 'कॅल्क्युलेटेड' लिहिलंय का बघा. पुष्कळ ठिकाणी ते मोजत नाहीत, गणिताने काढतात. एकूणातून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. मार्चमध्ये ३६ वजा झाले, आता १६च. वीसचा फरक तिथेच पडला. एकूणातून नुसतं एचडीएल काढून बघा: तेव्हा १६०, आता १४७. म्हणजे कमीच झालंय की!

ट्रायग्लिसराइड उतरलं ते चालण्याने. लांबच्या श्रमानंतर स्नायूंमधलं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम जोरात असतं, रक्तातली चरबी ओढून घेतं. तो जोर दोनेक दिवस टिकतो आणि तुम्ही नेमकं तेव्हाच रक्त दिलंत. श्रमानंतर एक-दोन दिवसांत रक्तातलं पाणीही वाढतं, त्याने आकडे आणखी पातळ होतात. त्यामुळे या ८० वर फार खूश होऊ नका. आठ-दहा दिवस टेकड्या बंद ठेवून पुन्हा द्या.

एसजीओटी स्नायूंतही असतं. मुख्यतः लिव्हरमध्ये असणारं एसजीपीटी किती? सोबत सीके (स्नायूंना मार बसला की रक्तात वाढणारं एन्झाइम) करून घ्या, ते चढलेलं असेल तर दुखणं पायांचं, लिव्हरचं नाही. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर मात्र इथे विचारत बसू नका, डॉक्टरकडे पळा.

वेताळटेकडी_रोज:
गंजण्याचं अर्धंच खरं आहे. श्रमात फ्री रॅडिकल्स वाढतात, पण त्यांच्याच चिथावणीने शरीर त्यांना निकामी करणारी स्वतःची एन्झाइम्स, सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटालेज, वाढवतं. २००९ चा जर्मनीतला प्रयोग आहे: तरुणांना चार आठवडे व्यायाम, काहींना सोबत रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई. गोळ्या न घेणाऱ्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त दाद द्यायला लागलं, घेणाऱ्यांचा तो फायदा बुडाला. पेरू खा, गोळ्या राहू द्या. आणि स्पष्ट बोलतो, वर्षभर खुर्चीत बसून एका रात्रीत के-टू-एस केला तर ही तयारी होत नाही, नुसता मार बसतो. आठवड्यातून चार दिवस टेकडीवर या.

सदाशिव_पेठ_३०:
दहीच खाल्लंत ना मडक्यातून?

पौडफाटा_४९:
मावशी, चष्मा लावल्यावर 'कॅल्क्युलेटेड' दिसलं. एसजीपीटी ४१. सीकेचं हिला सांगितलं, तर म्हणाली, रक्त द्यायला मी येते बरोबर.