मदत हवी आहे: पीएचपी फॉर्ममध्ये 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल', गावाचं नाव सेव्हच होत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयासाठी सभासद नोंदणीचा फॉर्म करतेय. पीएचपी (वेबपानांमागचा कोड लिहायची भाषा) शिकायला लागून दोनच महिने झालेत, तेही यूट्यूबवरच्या एका जुन्या मालिकेवरून. लॅपटॉपवरच पीएचपी चालावं म्हणून झॅम्प हे सॉफ्टवेअर टाकलंय, पीएचपी 8.2 आहे. फॉर्म आणि तो सेव्ह करणारा कोड एकाच फाइलमध्ये. रकाने चारच: नाव, गाव, अनामत रक्कम आणि 'मासिकंही हवीत' असा चेकबॉक्स.

पान उघडलं की काही भरायच्या आधीच नावाच्या चौकटीच्या आत हे उमटतं:


<b>वॉर्निंग</b>: अनडिफाइन्ड व्हेरिएबल $नाव...

चूक झाली तर भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून चौकटीच्या व्हॅल्यूमध्ये मी $नाव इको केलंय, म्हणजे छापलंय (कोडमध्ये ही नावं रोमन अक्षरांत आहेत, इथे मराठीत लिहितेय). व्हिडिओत हाच कोड बिनबोभाट चालतो.

कुठेतरी वाचून पहिल्या ओळीत एरर रिपोर्टिंग शून्य केलं, म्हणजे चुकांच्या सूचनाच बंद केल्या. वॉर्निंग गेली. चार दिवस नोंदी घेतल्या आणि मग टेबल उघडून पाहिलं, तर 11 च्या 11 नोंदींत गावाचा रकाना रिकामा. माणसं समोर बसून सांगत होती, मी स्वतः टाइप केलं होतं. फार वाईट वाटलं. ती ओळ काढली तर आता सबमिट केल्यावर 'अनडिफाइन्ड अ‍ॅरे की' (या नावाचा रकानाच आलेला नाही) येतं, गावासाठी दर वेळी आणि चेकबॉक्ससाठी कधी कधी. तीन दिवस यातच गेलेत, कृपया कुणीतरी वाट दाखवा.

प्रतिसाद

ताई, वॉर्निंग परत चालू केलीत हे उत्तम केलंत. आहेत त्या तिन्ही भानगडी वेगवेगळ्या आहेत.

पहिली: पान नुसतं उघडतं तेव्हा ते गेटने येतं, म्हणजे ब्राउझर फक्त पान मागतो; पोस्टमध्ये, म्हणजे फॉर्म सबमिट केल्यावर येणाऱ्या माहितीत, तेव्हा काहीच नसतं. तुमचं $नाव तयार होतं ते 'पोस्ट असेल तर' या इफच्या कंसात. पान उघडताना त्या कंसात कुणी शिरतच नाही, आणि खाली तुम्ही $नाव छापायला सांगताय. इफच्या वर, फाइलच्या सुरुवातीलाच हे लिहा:

$नाव = '';
$गाव = '';
$अनामत = '';

व्हिडिओत दिसत नाही कारण तो जुन्या पीएचपीवरचा असणार. 8.0 च्या आधी ही नुसती नोटीस (वॉर्निंगपेक्षा सौम्य सूचना) असायची आणि पुष्कळ ठिकाणी नोटिसा दाखवल्याच जात नसत. 2020 च्या नोव्हेंबरात 8.0 आलं आणि तिची वॉर्निंग झाली. चूक तेव्हाही तीच होती.

चेकबॉक्सचं असं, की टिक नसेल तर ब्राउझर त्याचं नावसुद्धा पाठवत नाही. म्हणून 'कधी कधी'. तिथे इससेट (ते नाव आलंय का हे तपासणारं फंक्शन) लावून बघा: आहे तर 1, नाही तर 0.

गावासाठी मात्र आधी एक करा. इफच्या आत पहिल्याच ओळीत प्रिंट_आर वापरून अख्खं पोस्ट छापा आणि काय दिसतं ते इथे सांगा. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर इतक्यात लावू नका. 'नसेल तर रिकामं घे' एवढंच तो करतो, म्हणजे वॉर्निंग जाईल आणि गाव पुन्हा रिकामं सेव्ह होईल.

धागालेखिका

दादा, छापलं आणि सापडलं! पोस्टमध्ये गावाच्या स्पेलिंगात दोन 'ए' आहेत, फॉर्मच्या इनपुटला मी तसंच नाव दिलंय. खाली कोडमध्ये मात्र एकच 'ए' लिहिलाय. कोड वीस वेळा वाचला असेन, पण दोन्ही मनात 'गाव' असंच वाचलं जात होतं.

प्रतिसाद

मराठी शब्द रोमनमध्ये लिहिले की हे हमखास होतं, कारण त्याला ठरलेलं स्पेलिंगच नाही. 'नाव' तर तीन-चार तऱ्हांनी लिहितात. मी एका वहीत रकान्यांची नावं एकदाच लिहून ठेवतो आणि फॉर्म, कोड, टेबल तिन्हीकडे त्यातूनच उतरवतो. लहान-मोठी अक्षरंही बघा, व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी पीएचपी ते वेगळं नाव धरतं. आणि चौकटीत इको करताना एचटीएमएल-स्पेशल-चार्स (अवतरणासारखी चिन्हं निर्धोक करणारं फंक्शन) मधून काढा, नाहीतर कुणी अवतरणचिन्ह टाइप केलं की चौकट तिथेच तुटेल.

धागालेखिका

हे सगळं केलं, पान स्वच्छ उघडतंय. आता एकच अडचण. बालविभागाला अनामत नसते, म्हणून तिथे 0 टाकते. तर 'अनामत भरा' असं म्हणतो.

प्रतिसाद

तपासायला एम्प्टी वापरलंय ना? त्याच्या लेखी '0' हेसुद्धा रिकामंच. ट्रिम करून (मागचीपुढची मोकळी जागा काढून) थेट '' शी तीन बरोबरच्या चिन्हांनी ताडून बघा.

धागालेखिका

झालं! 0 सुद्धा सेव्ह झाला. मनापासून आभार दादा. त्या 11 जणांनी कागदी रजिस्टरमध्ये सही करताना गाव लिहिलेलं आहे, तिथून आज संध्याकाळी सगळं भरून घेते.