अनुभव धागा: वर्गातला एकट्याचा आवाज आणि सगळ्यांचा आवाज

कर्वेरोडवासी: काल कोथरूडमधील एका घरातून मुलांचे पाढे एका सुरात ऐकू आले आणि शाळा आठवली. साऱ्या वर्गाबरोबर एकोणतीसचा पाढा खणखणीत म्हणणारा मी, बाईंनी एकट्याला उभे केले की मध्येच अडखळत असे. आपले अनुभव कृपया लिहावेत.

खडूवाली: मी हडपसर भागात प्राथमिक वर्गाला शिकवते. सामूहिक म्हणण्यात बुजऱ्या मुलाला आधार मिळतो हे खरे, परंतु ज्याला वाचता येत नाही तेही मूल नुसते ओठ हलवत वर्षभर निभावून नेते. म्हणून मी कविता आधी सर्वांकडून, मग एकेका रांगेकडून, मग दोघांकडून आणि शेवटी ज्याची इच्छा असेल त्याच्याकडून एकट्याने म्हणून घेते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकसाठी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे; पट त्याहून वाढला, की हा शेवटचा टप्पा सर्वांत आधी गळतो.

मुठाकाठ: गटकार्याचेही तेच आहे. पाच जणांच्या गटात एक मुलगी बोलते, एक लिहिते आणि उरलेले तिघे डबा कधी उघडायचा याचा विचार करतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत मला उपयोगी वाटली: आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग बाकावरच्या शेजाऱ्याशी बोलायचे आणि त्यानंतरच वर्गापुढे मांडायचे.

निवृत्त_गणित: त्यात अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणाची भर घालतो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. मात्र, पुण्यातील शिक्षकाने तीन सेकंद गप्प बसणे हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

धनकवडीची आई: आम्ही लातूरहून आलो. मुलाच्या बोलीला वर्गात हसू होई, त्यामुळे तो प्रार्थना आणि कविता सोडल्यास तोंडच उघडत नसे. नव्या बाईंनी त्याला प्रथम चौघांच्या गटात सोयाबीनच्या काढणीविषयी सांगायला लावले. त्या विषयातले इतर कोणाला काहीच ठाऊक नसल्याने हसण्याऐवजी प्रश्न आले.

कर्वेरोडवासी: ताई, हे वाचून फार बरे वाटले. काढणीचे वर्णन आम्हालाही ऐकायला आवडेल.

नाट्यवेडा: महाविद्यालयात शिकवताना पाहिले आहे, की तासाला मान खाली घालणारी मुले पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीत, समूहदृश्यात उभी राहून बोलायला शिकतात. तासाला मात्र मान पुन्हा खालीच.

मुठाकाठ: खडूवाली, रांगांपैकी मागच्या रांगेची पाळी आधी घेता की शेवटी?

खडूवाली: मधल्या रांगेची आधी. पुढचे आपण होऊन बोलतात, मागच्यांवर शिक्षकाची नजर असतेच; मधले बरोबर निसटतात.