हरणाऱ्याचं कॉमिक: आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा

निखिल: झालं एकदाचं. कॉमिकच्या पहिल्या अंकाची स्क्रिप्ट हातावेगळी केली. २२ पानं आहेत. फाइल टाकतोय. सगळ्यांनी वाचा आणि स्पष्ट सांगा. मन राखायला बरं म्हणू नका.

आत्या: अभिनंदन रे बाळा. किती महिने चाललं होतं तुझं. रात्री निवांत वाचते.

मोठे काका: विषय तोच ना, टीव्हीवरची ती कुस्ती?

निखिल: हो काका. प्रोफेशनल रेसलिंग.

मोठे काका: अरे, पण ती नुरा कुस्ती. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. लुटुपुटूच्या लढाईवर २२ पानं लिहावीत असं तुला त्यात काय दिसलं? टोमणा मारत नाही, समजून घ्यायचंय.

निखिल: विचारलंत ते बरं केलंत. निकाल ठरलेला असतो हे आता कुणी लपवत नाही. १९८९ मध्ये वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या अमेरिकी कुस्ती कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःहून सांगून टाकलं की आमची ही करमणूक आहे. खेळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाच्या तावडीतून सुटायचं होतं त्यांना. त्याआधी मात्र हे गुपित जिवापाड जपलं जायचं. त्याला केफेब म्हणतात. नायक आणि खलनायक चारचौघांत एका गाडीतून उतरायचे नाहीत, इतकं.

पण काका, निकाल ठरला म्हणून पडणं काही हलकं होत नाही. रिंगच्या खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. बस. पडताना हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. श्वास सोडायचा आणि दोन्ही हात एकदम खाली मारायचे, म्हणजे मार एका जागी बसत नाही. याला बंप घेणं म्हणतात. शिकाऊ पोरं कितीतरी दिवस नुसती पडायलाच शिकतात.

मामा: दादासाहेब, २८ जून १९९८ ची ती मॅच एकदा बघाच. पिट्सबर्गची. अंडरटेकरने मिक फोलीला १६ फूट उंच पिंजऱ्याच्या वरून खाली टेबलावर फेकलं. तो परत वर चढला, तर पिंजऱ्याचं छतच निसटलं आणि तो थेट आत रिंगमध्ये आदळला. दात तुटून नाकात गेलेला. तरी मॅच पुरी केली त्याने.

मोठे काका: बाप रे. जिगर आहे, मान्य. पण जिगर दाखवली म्हणजे गोष्ट झाली असं नाही ना?

निखिल: हेच मी कधीपासून म्हणतोय! म्हणून माझ्या कॉमिकमध्ये पिंजरा नाही, शिडी नाही, काही नाही. खरं सांगू का मामा, तसल्या करामती मला आता बघवत नाहीत. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट या पैलवानाला छतावरून केबलने रिंगमध्ये उतरवायचं होतं. हुक अवेळी सुटला आणि तो गेला. आणि तो पडल्यावरही कार्यक्रम पुढे चालू ठेवला. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मामा: हो रे. त्या दिवसाबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे.

निखिल: काका, मला गोष्ट दिसते ती हरणाऱ्यात. दोन मॅचेस सांगतो.

१७ मे १९९३. रेझर रॅमन म्हणजे तेव्हाचा बडा गडी, स्कॉट हॉल ती भूमिका करायचा. समोर एक काटकुळा पोरगा, ज्याला धड नावही नव्हतं, नुसतं ‘किड’ म्हणायचे. मार खायलाच यायचा तो. त्या दिवशी त्याने वरच्या दोरीवरून उलटी उडी घेतली, मूनसॉल्ट, रेझरचे खांदे जमिनीला टेकवून धरले आणि पंचाने तीन मोजले, म्हणजे पोरगा जिंकला. लोकांचा विश्वास बसेना. पण खरी किमया पुढची. रेझर चिडला, पैसे लावून त्याच पोराला परत परत लढायला बोलावत राहिला. तो जितका पेटत गेला तितका पोरगा लोकांच्या नजरेत मोठा होत गेला. पोराला मोठं केलं ते त्याच्या उडीपेक्षा समोरच्याच्या संतापाने.

दुसरी, २३ मार्च १९९७, रेसलमेनिया १३. ब्रेट हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला शार्पशूटरमध्ये, म्हणजे पाय पिळायच्या डावात, अडकवलं. ऑस्टिनचं तोंड रक्ताने माखलंय, दात विचकलेत, पण गडी ‘सोड’ म्हणत नाही. शेवटी शुद्ध हरपली तेव्हा पंच झालेल्या केन शॅमरॉकने मॅच थांबवली. हरला ऑस्टिन. आला होता खलनायक म्हणून, गेला तो लोकांचा लाडका होऊन. एका हारीत दोघांच्या जागा बदलल्या, कारण त्यानंतर लोक ब्रेटवर उलटले. हे ठरवून लिहिलेलं होतं, आणि म्हणूनच मला ते लिखाण वाटतं.

सायली: निखिलदादा, पण कॉमिकमध्ये तर हिरोच जिंकतो ना?

निखिल: नेहमी नाही गं. स्पायडरमॅनची १९६२ मधली अगदी पहिली गोष्ट घे. ताकद आल्यावर पीटर पार्कर पहिल्यांदा जातो कुठे? कुस्तीच्या रिंगमध्ये, क्रशर होगनशी लढायला. जिंकतो, पैसे मिळतात. पण आपल्याला ती गोष्ट आठवते ती त्या जिंकण्यासाठी नाही, पुढे त्याने काय गमावलं त्यासाठी.

जपानमध्ये तर कॉमिकच रिंगमध्ये उतरलं. टायगर मास्क हा नायक कागदावर जन्मला १९६८ मध्ये. १९८१ मध्ये सातोरू सायामा तोच मुखवटा चढवून आला आणि पहिल्याच मॅचमध्ये डायनामाइट किड या (मघाच्या ‘किड’हून वेगळ्या) पैलवानाला हरवलं. ही दोन माध्यमं सख्खी भावंडं आहेत. दोन्हीकडे मुखवटा, दोन्हीकडे शरीरानेच बोलायचं, दोन्हीकडे ‘पुढच्या अंकात काय’.

आत्या: तुझी गोष्ट काय आहे ते तरी सांग. फाइल उघडायला चष्मा शोधतेय.

निखिल: आत्या, १९८५ सालचं अमेरिकेतलं मेम्फिस शहर. तिथे शनिवारी सकाळी टीव्हीवर कुस्ती लागायची आणि सोमवारी रात्री मिड-साउथ कोलिझियममध्ये मोठी लढत. शनिवारचं काम एकच, सोमवारची तिकिटं खपवणं. त्यासाठी शनिवारी कुणीतरी पाच मिनिटांत हरावं लागतं, म्हणजे सोमवारचा गडी भारी दिसतो. त्या हरणाऱ्याला जॉबर म्हणतात. माझा नायक तो आहे. वय ४१. स्क्रिप्टमध्ये मी त्याला नुसतं ‘थोरला’ म्हटलंय. एका शनिवारी त्याच्यासमोर एक नवखा पोरगा उभा करतात, ज्याला धड पडताही येत नाही, पण पुढचा तारा तोच असं वरच्यांनी ठरवलंय. अख्खा अंक म्हणजे ती एक मॅच. थोरल्याने पोराला सांभाळून, शिकवत शिकवत, त्याच्याकडून हरायचं.

मेम्फिसच का, तर जेरी लॉलर या तिथल्या पैलवानामुळे. तो चित्रकार होता. पैलवानांची चित्रं काढून त्या टीव्ही कार्यक्रमाला पाठवायचा. ती पडद्यावर दाखवली गेली, जॅकी फार्गो या पैलवानाच्या नजरेत भरली, आणि त्याच वाटेने तो स्वतः रिंगमध्ये शिरला. ज्याच्या हातात पेन्सिल आहे अशा चाहत्याला आत घेणारं गाव होतं ते.

मीनल ताई: वाचून झालं. गोष्ट मला आवडली. चित्रं मी काढणार, तेव्हा आता कामाचं बोलते. तू कॅमेऱ्यासारखं लिहितोस. पान ४, चौकट ३: ‘थोरला दोरीवर आदळतो, परत येतो, पोराच्या खांद्यावरून उलटून पाठीवर पडतो.’ चित्र एक आणि हालचाली तीन. मी काढू कसं? चौकटीत माणूस गोठलेला असतो. एका चौकटीत एक क्षण दे. मधलं वाचणारा भरून काढतो, दोन चौकटींमधल्या त्या पांढऱ्या पट्टीत.

निखिल: हे चुकलंय. पूर्ण पटलं. मग दोरीवर आदळणं काढतो, फक्त पाठ जमिनीला लागते तो क्षण ठेवतो.

मीनल ताई: नको. पाठ लागायच्या आधीचा ठेव. हनुवटी छातीला, हात पसरलेले, जमीन अजून हातभर लांब. आदळणं वाचणाऱ्याच्या मनात होऊ दे.

सायली: ताई, हे मस्त आहे!

मीनल ताई: आणि शेवटचे आकडे. एक, दोन, तीन हे तू पान १८ वर एका ओळीत उरकलेस. सगळा अंक ज्याच्यासाठी चाललाय ते एका नजरेत दिसतं मग. एक आणि दोन पान १९ च्या तळाला घे. ते उजव्या हाताचं पान. पान उलटलं की २० वर तीन.

निखिल: पण तो हरणार हे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत आहे. पान उलटण्यात उत्कंठा राहील?

मीनल ताई: पान १७ वर तू काय लिहिलंस ते परत वाच. प्रेक्षक पहिल्यांदाच थोरल्याच्या नावाने ओरडायला लागतात. ‘एक’ ला त्याला ते ऐकू येतं. तो खांदा उचलू शकतो. पान उलटेपर्यंत मला खरंच वाटलं की उचलेल.

निखिल: ताई, आज रात्रीच बसतो.

मामा: एक विचारू? हे सगळं जुनं जुनंच का? आजची पोरं काय कमी आहेत? ४ जानेवारी २०१७, टोकियो डोम, ओकाडा आणि ओमेगा. ४६ मिनिटं मी जागचा हललो नाही.

निखिल: ती मॅच मलाही फार प्रिय आहे मामा. पण ती का चांगली, ते बघ. ओमेगाचा हुकमी डाव वन विंग्ड एंजेल. त्या ४६ मिनिटांत तो त्याला एकदाही लावता आला नाही. ती भूक लोकांच्या मनात राहिली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच डावावर त्याने ओकाडाला हरवलं तेव्हा ती भागली. सात महिने वाट बघायला लावली! माझी तक्रार बाकीच्यांशी आहे. जेक रॉबर्ट्सचा डीडीटी, म्हणजे मान काखेत धरून डोकं जमिनीवर आपटायचा डाव, एकदा लागला की खेळ खलास असायचा. आज तोच डाव मॅचच्या सुरुवातीला मारतात आणि समोरचा दोन मोजायच्या आत उठून धावतो. दुखलंच नाही तर मी कशाला घाबरू? दुखणं दाखवण्याला सेलिंग म्हणतात. माझ्या मते या कलेचा कणा तो आहे, आणि आज तोच वाकलाय. डाव सगळ्यांना येतात. मार खाऊन पुढची दहा मिनिटं तो गुडघा दुखतोय हे विसरू न देणं फार थोड्यांना जमतं.

मामा: सगळेच तसे नाहीत रे. पण गुडघ्याचं पटलं.

निखिल: कॉमिकमध्येही तेच. ठोसा काढणारे खूप. ठोसा बसल्यावरचा चेहरा काढणारे कमी. मागे एका ठिकाणी ही कल्पना पाठवली होती, तर कुस्तीचं कोण वाचतं असं एका ओळीचं उत्तर आलं. चार दिवस पेन उचललं नव्हतं. मग वाटलं, त्यांनी जिंकणाऱ्याची गोष्ट समजून वाचली असेल. म्हणून सगळं परत हरणाऱ्याच्या बाजूने लिहिलं.

आत्या: बरं झालं उचललंस परत.

मोठे काका: मी आत्ता वाचून संपवलं. दोनदा. तीन मोजून झाल्यावर पान २० वर पोरगा त्याच्या अंगावर तसाच पडून असतो आणि थोरल्याची बोटं दाबतो. ते का?

निखिल: काका, ते खरं आहे. रिंगमध्ये मोठ्याने विचारता येत नाही, मग हात हळूच दाबतात. ‘ठीक आहेस ना?’ समोरच्याने उलट दाबला तर ठीक. कुणालाच दिसत नाही ते. खरंच कुणी जबर जखमी झालं तर पंच डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो.

मोठे काका: मग हे मला २० पानांपर्यंत का कळलं नाही? आधी एकदा थोरल्याने पोराचा हात दाबायला हवा. आणि पोराला त्याचा अर्थ कळता कामा नये. मग शेवटी पोराने आपणहून दाबला की कळेल, हा काहीतरी शिकला.

मामा: वा, दादासाहेब!

मीनल ताई: काका, हे फार चांगलं सुचलं तुम्हाला. निखिल, पान ६ मोकळं कर. बोटं मी अगदी जवळून काढते.

निखिल: काका, मी चार महिने हे पान घोळवतोय आणि मला हे दिसलं नव्हतं. थांबा, आत्ताच लिहितो.

निखिल: पान ६, नवीन.
चौकट १: पोरगा चुकीचा पडलाय. मान वाकडी. डोळे मिटलेले.
चौकट २: थोरला त्याच्यावर झुकून त्याची मान काखेत आवळतो. प्रेक्षकांना वाटेल गळा दाबतोय. त्याचा तळवा पोराच्या डोक्यामागे आधाराला आहे.
चौकट ३: जवळून. थोरल्याचा दुसरा हात पोराची बोटं दाबतो.
चौकट ४: जवळून. पोराची बोटं तशीच, सैल. थोरला (हळू): ‘दाब, पोरा.’
चौकट ५: थोरल्याचा चेहरा. घाबरलेला.

मीनल ताई: चौकट ४ मधले शब्द काढ. सैल बोटं पुरेत.

मोठे काका: हो, काढ.

निखिल: काढले.