मदत हवी आहे : फक्त अंगावर पिणाऱ्या दोन महिन्यांच्या बाळाला पाच-सहा दिवस शी होत नाही

नमस्कार. माझ्या मुलीला दोन महिने पूर्ण झाले असून जन्मापासून ती फक्त अंगावरचे दूध पिते. पहिला महिनाभर ती जवळजवळ प्रत्येक वेळी पाजल्यानंतर शी करत असे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे प्रमाण एकदम घटले. आधी एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी आणि आता पाच-सहा दिवस उलटल्याशिवाय शी होत नाही. होते तेव्हा मात्र भरपूर, पिवळी आणि पातळसर होते. मधल्या दिवसांत तिचे पोट मऊ असते, वायू सरतो, ती नेहमीप्रमाणे दूध पिते आणि हसते-खेळते. फक्त शी होण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे ती लालबुंद होऊन कुंथते व रडते, आणि ते पाहून घरातल्या सर्वांचा धीर सुटतो.

मी सध्या माहेरी आहे. आजीच्या मते हे बद्धकोष्ठच आहे आणि विड्याच्या पानाच्या देठाला एरंडेल लावून तो गुदद्वाराशी फिरवल्यास लगेच मोकळे होईल; शिवाय मधात उगाळलेली घुटी रोज चाटवावी, असा तिचा आग्रह आहे. आईला वाटते की माझे डिंकाचे लाडू आणि लोहाच्या गोळ्या बाळाला बाधत आहेत. लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना विचारले असता त्यांनी ‘काळजी करू नका’ एवढेच सांगितले. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे मलाही पुढे विचारता आले नाही. हा बदल नेमका कशामुळे होतो, किती दिवस थांबणे योग्य आहे आणि कोणती लक्षणे दिसल्यास थांबू नये, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

प्रतिसाद १ :

ताई, मी डॉक्टर नाही. स्तनपानाविषयी मातांना मार्गदर्शन करण्याचे काम करते आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. आपण केलेल्या वर्णनात बद्धकोष्ठाचे लक्षण मला दिसत नाही. बद्धकोष्ठ दिवसांच्या अंतरावरून नव्हे, तर शी कशी होते यावरून ठरवतात. कोरडी, कडक, खड्यांसारखी शी होत असेल तर ते बद्धकोष्ठ. सहा दिवसांनी होणारी मऊ शी हे बद्धकोष्ठ नव्हे.

बाळाची पहिली शी काळपट हिरवी आणि चिकट असते व ती साधारणपणे पहिल्या दोन दिवसांत व्हायलाच हवी. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत तिचा रंग पिवळा होतो. त्यानंतरच्या काही आठवड्यांत पोटात दूध गेले की आतडे हलते, म्हणून प्रत्येक पाजण्यानंतर शी होणे स्वाभाविक असते. सहा आठवड्यांच्या आसपास आतड्यातून दूध पुढे सरकण्याचा वेग मंदावतो, आणि आईचे दूध इतके पूर्णपणे पचते की बाहेर टाकण्यासारखे फारसे उरतच नाही. तरीही शी घट्ट होत नाही, कारण त्या दुधात बाळाला न पचणाऱ्या काही शर्करा असतात आणि त्या मोठ्यांच्या आहारातील चोथ्यासारखे काम करतात. त्यामुळे या वयात काही बाळे दिवसातून चार वेळा, तर काही आठवड्यातून एकदाच शी करतात, आणि दोन्ही प्रकारची बाळे निरोगी असू शकतात.

येथे वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण हा धागा इतर माताही वाचतील. पाचव्या दिवसापासून ते महिना-सव्वा महिन्यापर्यंत बाळाला दिवसातून तीन-चार वेळा तरी पिवळी शी होणे अपेक्षित असते. त्या वयात शी कमी होत असेल तर पोटात पुरेसे दूध जात नसण्याची शंका आधी घ्यावी, आणि वजन तपासून पाजण्याची पद्धत जाणकाराला दाखवावी. तेथे ‘आठवडाभर चालते’ असे म्हणून थांबणे योग्य नाही.

कुंथण्याविषयी : आडवे पडून शी करण्यासाठी पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे, हा मेळ लहान बाळाला साधत नाही. दहा मिनिटे वा त्याहून अधिक वेळ रडून शेवटी मऊ शी होत असेल, तर त्यात आजार नसतो आणि काही आठवड्यांत बाळ हे आपोआप शिकते. याच कारणाने देठ, साबणाची कांडी किंवा थर्मामीटर वापरू नये. इजा होण्याचा धोका तर असतोच, शिवाय बाहेरून चेतना मिळाल्याखेरीज शी न करण्याची सवय लागू शकते. पोटाला हलका मसाज करणे आणि गुडघे पोटाकडे दुमडणे एवढे पुरे.

मधाच्या बाबतीत मात्र मी आजींशी ठामपणे असहमत आहे. मधात बोटुलिझम या आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, ते एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात वाढतात, आणि या आजाराचे पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठच असते. घुटीत जायफळ, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग यांचे किती वेढे उगाळले गेले याचे माप नसते आणि सहाणेच्या स्वच्छतेचीही खात्री नसते. सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र चालू ठेवावेत. आपले लाडू आणि गोळ्याही निश्चिंतपणे चालू ठेवा, कारण आईने घेतलेल्या लोहामुळे दुधातील लोहाच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही.

प्रतिसाद २ :

वरील उत्तराशी सहमत. फक्त रंगाविषयी भर घालतो. पिवळी, हिरवट किंवा तपकिरी शी चालते. शाडूच्या मातीसारखी पांढुरकी शी, गडद पिवळी लघवी आणि दोन आठवड्यांनंतरही राहिलेली कावीळ यांकडे मात्र अजिबात दुर्लक्ष करू नये. पित्तनलिका बंद असण्याचा एक जन्मजात विकार असतो आणि त्यावरील शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचे होण्यापूर्वी झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, फुगून टणक झालेले पोट, ताप, दूध पिण्यास नकार किंवा बाळाचे मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास दिवस मोजत बसू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पहिली शी दोन दिवसांनंतर झाली असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

धागाकर्ती :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पहिली शी जन्माच्या दिवशीच झाली होती आणि रंग सुरुवातीपासून पिवळाच आहे. मधाविषयीचे वाचून दाखवल्यावर आजी मध सोडायला तयार झाली, देठाचा आग्रह अजून कायम आहे. एक शंका राहिली : दूध पुरते की नाही हे लघवीवरून ओळखावे असे ऐकते, परंतु डायपरमुळे किती वेळा झाली ते कळत नाही.

प्रतिसाद १ :

एक दिवस डायपर न वापरता सुती लंगोट बांधा. चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले झाले आणि लघवी फिकट असली, तर दूध पुरेसे जात आहे. वजन माता-बाल संरक्षण कार्डवरील आलेखात भरून घ्या. पहिल्या तीन महिन्यांत दररोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते आणि एका आकड्यापेक्षा रेषा वर जाते की नाही ते अधिक महत्त्वाचे. आठवडा उलटूनही शी झाली नाही, तर बाळ आनंदी असले तरी एकदा डॉक्टरांकडून पोट तपासून घ्यावे. जाताना मागच्या शीचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवा. रांग कितीही मोठी असली तरी ते दाखवायला क्षणभरच लागतो.