मदत हवी आहे: आंबोलीच्या झुडपी बेडकाची प्रजाती कोणती लिहू?

नमस्कार मंडळी,

शाळेत आंबोली परिसरातल्या बेडकांचा तक्ता करतोय. सातवीच्या मुलांनी चित्रं सुंदर रंगवली आहेत, पण एका नावापाशी गाडी अडली आहे.

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला त्या रात्री घरामागच्या कारवीच्या पानावर एक बारका बेडूक ओरडत होता. बोटांच्या टोकांना चपट्या चकत्या, आणि गळ्याखालची पिशवी फुगली की बॅटरीच्या उजेडात आरपार दिसायची. फोटो काढलेत, आवाजही मोबाइलवर आहे.

माझ्या जुन्या टिपणात अशा सगळ्या झुडपी बेडकांची प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) 'फिलॉटस' अशी लिहिली आहे. आंबोलीवरूनच नाव मिळालेली जाती (species) बिजू आणि बॉस्युट या संशोधकांनी २००९ मध्ये 'फिलॉटस अंबोली' म्हणूनच जाहीर केली होती. आता ती 'स्यूडोफिलॉटस'मध्ये आहे. या प्रजातीचे बहुतेक बेडूक श्रीलंकेतले, आपल्या सह्याद्रीत मोजकेच. दुसरीकडे, प्राणिशास्त्रज्ञ अॅनंडेल यांनी १९१९ मध्ये कर्नाटकातल्या कॅसलरॉकहून वर्णन केलेली 'बॉम्बेएन्सिस' ही जाती आता 'राओर्केस्टेस'मध्ये गेलीय. ही प्रजाती २०१० मध्ये वेगळी केली, नाव बेडकांचे अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्यावरून. कुल (family) दोन्ही प्रजातींचं एकच, रॅकोफोरिडी. म्हणजे तक्त्यात गण (order) आणि कुल ठाम लिहिता येतं, घोळ आहे तो पुढे, प्रजातीपाशी.

मुलांचा आणखी एक प्रश्न होता, तो मला फार आवडला: "सर, याची पिल्लं डबक्यात का नाही दिसत?" या बेडकांची पिल्लं पाण्यात पोहत वाढतच नाहीत. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. पुस्तकातलं शेपटीवाल्या पिल्लाचं चित्र खोडून मुलांनी तिथे अंडं आणि बेडूक एवढंच काढलंय. पण ही खूण दोन्ही प्रजातींची, त्यामुळे ओळखायला उपयोग नाही.

तर जाणकारांनी कृपया एवढं सांगावं: नुसत्या फोटोवरून 'स्यूडोफिलॉटस' की 'राओर्केस्टेस' हे ठरवता येतं का? पुढच्या वेळी नेमकं काय टिपू, मांडीची आतली बाजू, पायाच्या बोटांमधला पडदा, की आवाजच जास्त भरवशाचा? बेडूक हातात धरायचा नाही असं मुलांना सांगितलंय, त्यामुळे न पकडता जमेल तेच सुचवा.

तक्ता १५ ऑगस्टला लावायचाय. प्रजातीची ओळ सध्या पेन्सिलनेच लिहून ठेवली आहे.