बंड, उठाव की गद्दारी? बातमीतला शब्दच आपलं मत ठरवतो का

सांजवारा:
मंडळी, परवा भाच्याने विचारलं, मामा बंड आणि उठाव एकच का? सातवीत आहे तो. मी हो म्हणून मोकळा झालो आणि मग रात्रभर डोक्यात तेच. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन आधी सुरत आणि मग गुवाहाटीला गेले, घटना एकच ना, पण कुणी बंड म्हणालं, त्यांच्या बाजूचे उठाव म्हणाले, समोरचे गद्दारी. आमच्याकडे दोन पेपर येतात, एक बाबा वाचतात एक दादा, आणि आता दोघांना या विषयावर बोलताच येत नाही कारण वाक्यातला पहिला शब्दच भांडणाचा असतो. मला खरंच जाणून घ्यायचंय, मत आधी बनतं की शब्द आधी येतो?

निळीशाई:
मी काही वर्षं एका पेपरात डेस्कवर होते. रात्री पान सोडायची घाई, दोन कॉलमी हेडिंगात "शिंदेंसोबत गेलेले आमदार" बसत नाही, "बंडखोर" बसतं, त्यात कुणाचा डाव नसतो. खरी गडबड अवतरणचिन्हांची. पहिल्या दिवशी 'गद्दार' चिन्हांत छापतात, म्हणजे अमुक नेता तसं म्हणाला. आठवड्याभरात चिन्हं गळून पडतात आणि तो शब्द पेपरचा होतो. वाचकाला ते कळत पण नाही. मी एकदा चिन्हं परत टाकली तर वरिष्ठ म्हणाले जागा खाते, काढ.

देशावरचा:
एकच कसे असतील? बंड मोडून काढतात, उठाव दडपतात. म्हणजे बंडात चूक बंड करणाऱ्याची आणि उठावात चूक जुलूम करणाऱ्याची, शब्दातच निकाल आहे. १८५७ ला इंग्रजांनी शिपायांचं बंड म्हटलं, सावरकरांनी त्यालाच स्वातंत्र्यसमर म्हटलं. आणि गद्दाराला तर बाजू मांडायची सोयच नाही, त्याला फक्त शिक्षा.

कृष्णाकाठ:
थोडं असहमत. लोक एवढे भोळे नाहीत हो. १९७८ ला शरद पवार बाहेर पडले, वसंतदादांचं सरकार पडलं आणि पवारसाहेब पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल) मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून "पाठीत खंजीर" ऐकतोय, तरी लोकांनी त्यांना निवडून दिलंच की इतकी वर्षं.

निळीशाई:
@कृष्णाकाठ निवडून दिलं हे खरंच, पण खंजीर काही पुसला गेला नाही ना. जुलै २०२३ ला अजितदादा सत्तेत गेले तेव्हा परत तोच शब्द बाहेर आला. आणि बघा, १९७८ ला पक्षांतरबंदी कायदाच नव्हता, तो १९८५ ला आला. कायद्याच्या नजरेत दोन्ही प्रकार वेगळे, पण एका खंजिराने दोन्ही सारखेच करून टाकले, त्यामुळे दहाव्या अनुसूचीवर, म्हणजे राज्यघटनेतल्या या पक्षांतरबंदीच्या तरतुदीवर, बोलायचं राहूनच गेलं आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं.

पाऊलवाट:
अजून एक, "उबाठा". ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने नाव दिलं शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे). त्याचं उबाठा केलं की शिवसेना पण जाते आणि ठाकरे पण ऐकू येत नाही. तसंच "शिंदे गट". फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिला, तरी कित्येक ठिकाणी गटच चालू राहिलं. पटो न पटो, दोन्हीकडे एकेका शब्दाने पक्षच लहान होतो.

सांजवारा:
सगळ्यांचे आभार, अवतरणचिन्हांचं तर कधी लक्षातच आलं नव्हतं. आज दोन्ही पेपर घेऊन भाच्याला पेन्सिल दिली, असे शब्द दिसले की गोल कर म्हटलं. पहिल्याच पानावर एका "गद्दार"ला गोल करून तो आजोबांकडे गेला, "आजोबा, हे कोण म्हणालंय? इथे तर नावच नाही." बाबांनी चष्मा लावून ती बातमी पहिल्यापासून परत वाचली.