लंगोटांना जुनंच कापड बरं
बाळाचे लंगोट घरी शिवायला नवं कापड आणावं की घरातलं जुनं वापरावं, असा प्रश्न असेल तर माझं मत जुन्या सुती चादरीला. धुऊन धुऊन ती मऊ झालेली असते आणि ओल पटकन शोषते. नव्या कापडाला खळ असते, पाणी वरच्यावर राहतं. नवंच हवं असेल तर बेतायच्या आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा, आटायचं ते आधीच आटून जाईल.

सहा-सात पदर एकत्र शिवायचा मोह टाळा. असा लंगोट वाळता वाळत नाही, मधले पदर दमट राहून कुबट वास मारतात. बाहेरचा लंगोट दुपदरीच ठेवा, आत घालायला लांबट घडी वेगळी शिवा. शिवण बाहेरच्या बाजूला घ्या. मांडीच्या वळीत जाड दुमड काचते. इलॅस्टिकपेक्षा नाडी बरी, हवी तशी सैल करता येते. नाळ पडेपर्यंत पुढची बाजू बेंबीखाली दुमडावी लागते, म्हणून नाड्या कडेला लावा. लेस-बिस तर नकोच, ती फक्त फोटोपुरती!

आणि धुताना सॉफ्टनर अजिबात घालू नका, कापड शोषेनासं होतं.